इंटरचे उतारू

तिकीट काढणं हे आमच्या घराण्यात पहिल्यापासून एक कार्य मानलं गेलं आहे. मुंज, लग्न आणि तिकीट. माझ्या वडिलांना गिरगावातून मिरजेला जायचं असलं की आठ दिवस आधी ते बोरीबंदरला एक फेरी टाकून येत. तिकीट काढायला नव्हे, नुसती चौकशी करायला. आल्यावर रात्री टाइमटेबलाचं पारायण व्हायचं आणि मग तिसऱ्या वर्गाची तिकिटं काढली जायची. जन्मभर त्यांनी तिसऱ्या वर्गाने प्रवास केला. अपवाद फक्त एक. आत्याच्या लग्नाला जाताना ते एकदा इंटरने गेले होते.

‘इंटर’ म्हणजे काय हे आताच्या पिढीला सांगावं लागेल. दुसरा वर्ग आणि तिसरा वर्ग यांच्यामध्ये आगगाडीला हा एक मधला वर्ग असायचा. ज्याला दुसरा परवडत नाही आणि तिसऱ्यात बसायची लाज वाटते, अशा माणसासाठी सरकारने केलेली ही सोय होती. म्हणजे खास आमच्यासाठीच. वडील त्या एका प्रवासाची गोष्ट वीस वर्षं सांगत होते. इंटरच्या बाकाला गादी होती की नाही याबद्दल मात्र त्यांचं आणि काकांचं अखेरपर्यंत एकमत झालं नाही. पुढे १९५५ साली रेल्वेने जुना पहिला वर्ग काढून टाकला, दुसऱ्याला पहिला म्हटलं आणि इंटरला दुसरा. १९७४ साली तिसऱ्यालाही दुसरा करून टाकलं. बाक तेच, ढेकूण तेच, उतारू तेच, पण बसल्या जागी बढती! नोकरीत अशी बढती मिळाली असती तर वडील हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले असते.

हे सगळं मला आठवलं ते गेल्या हिवाळ्यात, लंडनच्या हॅरो भागात, पुतणीच्या स्वयंपाकघरात. तिच्या लेकीच्या लग्नाला म्हणून आम्ही उभयता गेलो होतो. लग्न उत्तम झालं, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या विमान कंपनीने वेळापत्रक बदलल्याचं कळवून परतीचं तिकीट रद्द केलं आणि पैसे परत केले. विमान कंपनीने पैसे परत केले ही घटना इतकी दुर्मिळ, की रागवायचं की आनंद मानायचा हे मला दोन दिवस कळेना. पुतणीने कॉम्प्युटर उघडला आणि विचारलं, “काका, इकॉनॉमी बघू, प्रीमियम इकॉनॉमी बघू, की बिझनेस?”

“स्वस्त बघ,” मी म्हणालो.

“काकूंच्या गुडघ्यांचं काय?”

गुडघे आमच्या हिचे. पण त्यांच्या वतीने बोलणारी माणसं घरोघरी असतात.

पडद्यावर यादी आली. लंडनहून मुंबईला जाण्याचे, माझ्या मोजणीप्रमाणे, त्रेचाळीस मार्ग. थेट गेलं तर नऊ तास. दुबईवरून, दोह्यावरून, अबूधाबीवरून, इस्तंबूलवरून गेलं तर बारा, चौदा, सोळा. एक महाभाग तर आम्हाला कुठेतरी एकोणीस तास बसवून ठेवून मग मुंबईला नेणार होता, आणि तोच सगळ्यात स्वस्त! एस्टीने जन्म काढलेल्या माणसाला हे गणित उलटं वाटतं. एस्टीत टप्पे वाढले की पैसे वाढतात. इथे जितकं लांबून जाल, जितका त्रास सोसाल, तितकं भाडं कमी. म्हणजे वाट्टेल तितके हाल काढण्याची आपली तयारी असेल, तर एक दिवस ते आपल्यालाच पैसे देऊन नेतील अशी मला आशा वाटू लागली.

“असं का असतं?” हिने विचारलं. प्रश्न पुतणीला होता. पण मी निवृत्त माणूस, त्यात इतिहासाचा मास्तर. कुणी ‘असं का’ म्हटलं की मला १९२९ सालापासून सुरुवात करावी लागते.

कारण युरोपातून आपल्याकडे विमानाने यायची रीतसर सोय झाली ती १९२९ साली. ३० मार्चला इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती, म्हणजे कागदोपत्री विमान मुंबईलाच आलं असं म्हणायला हरकत नाही. भाडं १३० पौंड आणि वेळ सात दिवस. आता ‘विमानाने’ म्हणायचं तेही जरा जपूनच. लंडनहून निघालेला उतारू स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत विमानाने जाई. तिथे त्याला उतरवून रात्रीच्या आगगाडीत बसवत आणि इटलीतल्या जिनोआला नेत, कारण इटलीच्या आकाशातून जाण्यावरून दोन सरकारांचं पटत नव्हतं. जिनोआहून समुद्रावर उतरणारं विमान, ते अलेक्झांड्रियापर्यंत. पुढे तीन इंजिनांचं विमान बगदाद, बसरा करत कराचीला. वाळवंटात वाट चुकू नये म्हणून जमिनीवर नांगराने मैलोगणती रेघ ओढून ठेवली होती आणि वैमानिक ती बघत बघत जात. आकाशमार्गाने जायचं आणि बघायचं मात्र नांगराच्या तासाकडे! आमच्या आजोबांना हा धंदा नक्की पटला असता.

त्या विमानात वर्ग नव्हते. सगळेच पहिल्या वर्गाचे, कारण १३० पौंड देणारा दुसऱ्या वर्गाचा असूच शकत नाही. तेव्हाच्या दराने त्याचे १,७३३ रुपये होत. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान घेऊन उतरले आणि कराचीला येऊन पडणारी विलायतची टपाल मुंबईला विमानाने येऊ लागली. आधी टपाल आली, माणसं मागाहून. पोस्टकार्डाला गुडघे नसतात, त्यामुळे त्याची सोय करणं सोपं.

मग १९४८ साल. हे साल मला तोंडपाठ असण्याचं कारण म्हणजे त्याच साली माझाही जन्म झाला. ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. उतारू ३५. तिकीट १,७२० रुपये. म्हणजे १९२९ पासून एकोणीस वर्षांत भाडं तेरा रुपयांनी उतरलं होतं! मधे एक महायुद्ध झालं, देश स्वतंत्र झाला, तांदूळ रेशनवर आला आणि महागाई बघताबघता कुठच्या कुठे गेली, पण विमानाचं भाडं तेरा रुपयांनी खाली. माझे वडील तेव्हा दरमहा ऐंशी रुपये आणत. लंडनला जायला त्यांना साडेएकवीस महिने काही न खातापिता काढावे लागले असते, आणि परत येणं तर सोडाच.

इथपर्यंत ऐकून ही भाजी निवडायला निघून गेली. पुतणी भिडेखातर बसली.

आता खरी गंमत सुरू होते. १९४५ साली हवानाला सगळ्या विमान कंपन्यांनी मिळून आयाटा नावाची संघटना काढली होती. भाडं किती घ्यायचं हे सगळे सभासद एकत्र बसून ठरवीत आणि सरकारं त्यावर शिक्का मारीत. कुणी कुणापेक्षा स्वस्त जायचं नाही. मग पैसेवाल्याखेरीज कोण बसणार? म्हणून १९५२ च्या मे महिन्यात अटलांटिकवर ‘टूरिस्ट क्लास’ आला, आणि १९५८ च्या एप्रिलमध्ये त्याहून खालचा ‘इकॉनॉमी’. पूर्वेकडच्या मार्गांवरही हे लोण यथावकाश पोचलं. खालचा वर्ग काढला खरा, पण वरच्या वर्गाला आपण वरचे आहोत हे कळायला हवं ना? त्यासाठी नियम झाला, की इकॉनॉमीत गरम जेवण द्यायचं नाही. सँडविच द्यायचं. तेही साधं, थंड आणि स्वस्त.

स्कँडिनेव्हियातली कंपनी हुशार. त्यांच्याकडे सँडविच म्हणजे खाली एक ब्रेडचा तुकडा आणि वर मासे, मांस, अंडी, लोणी अशी अख्खी पंगत. त्यांनी उतारूंना ते वाढायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅमने तक्रार केली, की हे सँडविच नव्हे, हे जेवण आहे. जगातल्या थोर थोर विमान कंपन्यांचे प्रतिनिधी लंडनला जमले आणि त्यांनी सँडविच म्हणजे काय यावर गंभीरपणे खल केला. स्कँडिनेव्हियनांना दंड झाला. निकाल असा, की सँडविचमध्ये ब्रेडचा भाग स्पष्ट दिसला पाहिजे. आमच्या चाळीत नळावर झालेल्या भांडणांतही यापेक्षा बरे विषय असत.

खुर्च्यांचंही तसंच. त्या नव्या इकॉनॉमीत पुढच्या खुर्चीपासून मागची खुर्ची चौतीस इंचांवर. आज बहुतेक कंपन्यांच्या इकॉनॉमीत हे अंतर एकतीस-बत्तीस इंच असतं. या साठ-पासष्ट वर्षांत माणसाची मांडी काही तीन इंचांनी आखूड झालेली नाही. उलट आमची बाजू पाहिली तर रुंदीतही भर पडली आहे. जंबो जेटच्या इकॉनॉमीत सुरुवातीला एका रांगेत नऊ माणसं बसत, लवकरच ती दहा झाली. पुढे ‘ट्रिपल सेव्हन’ विमानाच्या बाबतीत हाच खेळ पुन्हा झाला. चौथी सीट ही लोकलमध्येच असते अशी माझी समजूत होती. ती वरही असते, फक्त तिथे “जरा सरकून घ्या” म्हणावं लागत नाही. कंपनीने आधीच सरकवलेलं असतं.

या नियमबाजीला पहिला सुरुंग आशियातल्यांनीच लावला हे मात्र मला फार आवडतं. सिंगापूर एअरलाइन्स १९७२ साली वेगळी झाली. ती आयाटाची सभासद नव्हती, त्यामुळे इकॉनॉमीतही पेय फुकट आणि कानाला लावायची यंत्रं फुकट. आयाटावाले सिनेमा ऐकायच्या त्या नळ्यांना अडीच डॉलर घेत. आता परदेशी निघालेल्या भारतीयाच्या खिशात रिझर्व्ह बँक त्या काळी आठ डॉलर ठेवू देत असे. आठातून अडीच गेले, की परमुलखात उतरताना उरले साडेपाच. त्यामुळे आपले कित्येक लोक अटलांटिक ओलांडेपर्यंत मुका सिनेमा बघत गेले आणि नुसत्या ओठांवरून इंग्रजी शिकले.

गोऱ्या लोकांनीही पळवाटा शोधल्या नाहीत असं नाही. एखाद्या मंडळाच्या सभासदांनी मिळून अख्खं विमान भाड्याने घेतलं तर ते स्वस्त पडे. अट एवढीच, की सभासदत्व निदान सहा महिन्यांचं हवं. झालं! गल्लोगल्ली मंडळं निघाली. १९७१ साली लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सरकारी अधिकाऱ्यांनी ‘डावखुऱ्यांचा क्लब’ पकडला. न्यूयॉर्कला निघालेल्या त्यातल्या सेहेचाळीस जणांना विमानात बसू दिलं नाही. त्यांना उजव्या हाताने सही करताना पकडलं असणार असा आपला माझा अंदाज आहे. आमच्या चाळीचं भजनी मंडळ तेव्हा लंडनला असतं तर त्यांनी हे काम जास्त सफाईने केलं असतं. अधिकारी आला की टाळ काढायचे.

“आणि बाबा?” पुतणीने विचारलं. “बाबा कसे गेले होते काका, शेवटच्या वेळी आजीकडे?”

मी सांगतच होतो, पण तिथे जरा थांबलो. कारण दादाची गोष्ट ही इतिहासातली नव्हे.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. १९६३ साली बॅलार्ड पिअरवरून बोटीने गेला. खिशात तीन पौंड. बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली, दर पंधरा दिवसांनी निळं पत्र यायचं. १९६९ च्या जूनमध्ये वडील गेले. आम्ही तार केली. बोटीने यायचं तर सुएझ १९६७ पासून बंद, सगळ्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून येत. विमानाचं जाण्यायेण्याचं भाडं त्याच्या साडेतीन महिन्यांच्या पगाराएवढं, आणि ते कुठल्याही कंपनीत तेवढंच. कारण ते ठरवून दिलेलं. घासाघीस करायला समोर कुणी माणूसच नव्हता. दादा आला नाही. दहाव्याला मी पिंड ठेवला. कावळा लवकर शिवेना, तेव्हा भटजी म्हणाले, थोरल्याची वाट बघत असेल. आईने पदर डोळ्यांना लावला, पण पुढे जन्मभर त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. दादाही बोलला नाही. पत्रात फक्त हवापाणी असायचं.

१९७६ साली आईने अंथरूण धरलं. पुन्हा तार गेली. आणि या वेळी दादा ‘बकेट शॉप’मध्ये गेला.

बादल्यांचं दुकान नव्हे. लंडनमध्ये अर्ल्स कोर्ट, सोहो अशा भागांत जिन्याखाली, खोलीच्या वर खोली अशा जागांत ही दुकानं असत. संध्याकाळी मंडई उठायच्या वेळी भाजीवाली राहिलेली मेथी काय भावाने देते? विमानातल्या रिकाम्या खुर्चीचं तसंच. विमान उडालं की तिची किंमत शून्य. म्हणून कंपन्या वरून ‘आमचे दर आयाटाचे’ म्हणत आणि मागच्या दाराने उरलेल्या खुर्च्या या दुकानांना निम्म्या भावात विकत. त्यातही ज्यांच्या विमानात लोक आपण होऊन बसत नसत त्या कंपन्यांची तिकिटं फार स्वस्त. रशियाची एअरोफ्लोत मॉस्कोवरून पूर्वेकडे नेई, ती त्यासाठीच प्रसिद्ध होती. मध्यपूर्वेतल्या आणि आशियातल्या कितीतरी कंपन्या होत्या. सगळं बेकायदा, आणि सगळ्यांना ठाऊक.

दादाने तिकीट काढलं त्या कंपनीचं नाव मी सांगणार नाही. तीन विमानं बदलून, मधे एका वाळवंटातल्या विमानतळावर लाकडी बाकावर एकोणीस तास झोपून, तिसऱ्या दिवशी पहाटे तो सांताक्रूझला उतरला. सामान आलंच नाही. तेरा वर्षांनी घरी येणारा माणूस हातात फक्त एक वर्तमानपत्र घेऊन चाळीचा जिना चढला. आईने त्याला ओळखलं. केस गेले होते तरी ओळखलं. बराच वेळ त्याच्या हातावरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, “विमानात जेवायला देतात का रे?”

“देतात ना. सँडविच.”

“म्हणजे उपाशीच आलास.”

मग तिने मला भात टाकायला सांगितलं. त्यानंतर ती अकरा दिवस होती. दादा ते सगळे दिवस तिच्या उशाशी होता, आणि या वेळी पिंड त्याने ठेवला.

पुतणी उठली आणि आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. दादा गेल्यावर त्याच्या कपाटात सापडलेला. त्यात ते तिकीट होतं. जुन्या तिकिटांचं असे तसं लहानसं पुस्तक, लाल कार्बनची अक्षरं पुसट झालेली. भाड्याच्या रकान्यात आकडा होता तो पुरता, आयाटाचा, कायदेशीर. प्रत्यक्षात दादाने दिले होते त्याच्या निम्म्याहून कमी. माझ्या भावाच्या आयुष्यातलं हे बहुधा एकमेव खोटं कागदपत्र, आणि तेही दुसऱ्या कुणीतरी केलेलं.

असो. इतिहास पुढे चालवायला हवा, नाहीतर भाजी करपेल.

तर या दादासारख्या लोकांमुळेच बिझनेस क्लास जन्माला आला असं मी म्हटलं तर तुम्हांला खोटं वाटेल. पण हिशेब बघा. १९७७ च्या सप्टेंबरात फ्रेडी लेकर या गृहस्थाने लंडन–न्यूयॉर्क ५९ पौंडांत सुरू केलं. अमेरिकेने १९७८ साली आपल्या देशातल्या विमान कंपन्यांवरची दरांची बंधनंच उठवायचं ठरवलं. जिकडेतिकडे सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट झाला. इकॉनॉमीत पूर्ण भाडं देऊन कंपनीच्या कामाला निघालेला साहेब बसला आहे, आणि शेजारी निम्म्या पैशांत बसलेला दादा. दोघांना तीच खुर्ची आणि तेच जेवण. बोलता बोलता साहेबाने भाडं विचारलं, आणि दादाने सांगितलं. आपल्या लोकांना वस्तू स्वस्तात मिळाली की ती कितीला पडली हे सांगितल्याशिवाय पचत नाही. साहेब खवळला. असे बरेच साहेब खवळले, तेव्हा १९७८ मध्ये ब्रिटिश एअरवेज, पॅन अ‍ॅम वगैरेंनी त्यांना पुढे वेगळं बसवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाची क्वांटास आपला १९७९ सालचा बिझनेस क्लास हाच जगातला पहिला असं सांगते. बाळ गुटगुटीत निघालं की बाप म्हणवून घ्यायला पुष्कळ जण पुढे येतात. सुरुवातीला फरक फारसा नव्हताच. मधे एक पडदा. कीर्तनात बायकांच्या आणि पुरुषांच्या मधे असायचा तसा. पडद्याच्या पुढे बसलेला तो बिझनेस, मागे बसलेले ते आपण. पुढे त्या पडद्यापलीकडे खुर्चीचा पलंग झाला. त्याचं भाडं बघितलं की मात्र मागे बसणाऱ्याचीही झोप उडते.

मग मधल्यांचं काय? ते रेल्वेला जे सुचलं होतं तेच विमानवाल्यांना १९९१-९२ च्या सुमारास सुचलं. तैवानच्या एव्हा एअरने इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्यामध्ये एक वर्ग काढला. त्याच सुमाराला इंग्लंडच्या व्हर्जिन अटलांटिकनेही काढला, आणि त्याचं नाव काय ठेवलं ठाऊक आहे? ‘मिड क्लास’! आगगाडीतून हद्दपार झालेला आमचा इंटर चाळीस वर्षांनी आकाशात सापडला.

आणि आखातातून फिरून जाणं स्वस्त का, हा हिचा मूळ प्रश्न. १९३२ पासून इंपीरियलची विमानं शारजाला मुक्कामाला थांबत, कारण तेवढ्या दमात पुढे जाणं त्यांना शक्यच नव्हतं. उतारूंसाठी तिथे किल्ल्यासारखी धर्मशाळा बांधली होती. पुढे विमानांचा दम वाढला आणि ती न थांबता जाऊ लागली. मग १९८५ च्या ऑक्टोबरात एमिरेट्सने पाकिस्तानी कंपनीकडून विमानं भाड्याने घेऊन दुबईहून सुरुवात केली. पहिलं उड्डाण पुन्हा कराचीलाच. युरोपातल्या पन्नास गावांची माणसं आणायची, एका जागी ओतायची आणि आशियातल्या पन्नास गावांना वाटायची. विमान भरलेलं राहतं, म्हणून माणशी खर्च कमी. शिवाय ज्याला घाई आहे तो थेट विमानाला जास्त पैसे देतोच, आणि ज्याला घाई नाही त्याला सवलतीशिवाय ओढून आणता येत नाही. दादर जंक्शन, दुसरं काय! फक्त दादरला बदलताना सोन्याचं दुकान लागत नाही.

आकाशातली भांडणं मात्र १९२९ सारखीच राहिली आहेत. २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटल्यावर रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना वळसा पडला. वळशाचं तेल कंपनी पिते, आणि बिल उतारूच्या पानात वाढते.

“काका,” पुतणी म्हणाली, “तुमचं व्याख्यान चालू असताना भाडं अकरा पौंडांनी वाढलं.”

मी ताबडतोब इतिहास आवरला. आता प्रश्न उरला दोनच वाटांचा. आखातातून इकॉनॉमी, की थेट विमानाने प्रीमियम. फरक माणशी २२० पौंड. प्रीमियममध्ये खुर्च्यांमधलं अंतर अडतीस इंच, म्हणजे सात इंच जास्त. मी पेन्सिल घेतली. इंचाला सुमारे एकतीस पौंड पडत होते. गिरगावातसुद्धा जागेला हा भाव नाही, आणि तिथली जागा निदान नऊ तासांनी परत द्यावी लागत नाही.

“आपण आखातातूनच जाऊ,” ही म्हणाली. “मला काही होत नाही. मधे उतरून पाय मोकळे होतील.”

बायको असं म्हणाली की तिचं ऐकायचं नसतं एवढं पन्नास वर्षांच्या संसारात मी शिकलो आहे. शिवाय टेबलावर ते तिकीट पडलं होतं. दादाच्या बाकावरचे एकोणीस तास मला दिसत होते. ते त्याने आईसाठी काढले होते. माझी मुंबईत कोण वाट बघत होतं? दूधवाला. त्याच्यासाठी हिचे गुडघे वाकवण्यात अर्थ नव्हता.

“थेट,” मी म्हणालो. “आणि ते इंटरचं काढ.”

“कशाचं?”

“प्रीमियमचं.”

ठरल्या दिवशी निघालो. विमानात शिरल्यावर आधी पलंगवाल्यांच्या मधून जावं लागतं. विमान कंपन्यांनी हे मुद्दाम केलेलं असावं, म्हणजे आपल्याला काय मिळणार नाही ते नीट बघून पुढे जाता येतं. मग आमच्या रांगा. ही बसली, तिने पाय लांब केले, ते पुढच्या खुर्चीला लागले नाहीत. तिने पुन्हा एकदा लांब करून बघितले. मग माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. मागच्या पडद्याकडे मात्र ती दोनदा वळून बघून आली. “बिचारी माणसं,” ती म्हणाली. महिन्यापूर्वी आपण त्यांच्यातच बसून आलो होतो हे ती साफ विसरली होती.

खुर्चीला गादी होती. हे मी वडिलांच्या आणि काकांच्या माहितीसाठी इथे नोंदवून ठेवतो.

जेवण झालं, दिवे गेले, ही झोपली. तेहेरानच्या आसपास कुठेतरी मलाही डुलकी लागली. मुंबईला उतरायच्या दीड तास आधी हवाईसुंदरीने हातात एक गार पुडी ठेवली. मी ती सोडली आणि चष्मा लावून आतली वस्तू वरून, खालून आणि चारी बाजूंनी नीट तपासली.

“काय बघताय एवढं उलटसुलट करून?” हिने विचारलं.

“ब्रेड,” मी म्हणालो. “अगदी स्पष्ट दिसतोय.”